भट्टी दर्शनाची, काचेचं कपाट निलेशचं

मी, श्रीमती मालन जयवंत परब, वय वर्षे एकाहत्तर, राहणार काळाचौकी, मुंबई, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. चिरंजीव निलेश यांचं मत वेगळं असेल, पण त्यांना कोणी विचारलेलं नाही.

१. गिरणी बंद पडल्यावर माझ्या यजमानांनी नानकटाईची भट्टी घातली. गाळा माझ्या नावावर आहे. दिवाळीआधी आख्खी चाळ घरून पीठ मळून ट्रे घेऊन यायची, आपलं नाव मोठ्याने सांगायची, आणि आम्ही भाजून द्यायचो. निलेशने तिथे काचेचं कपाट आणलं, बाहेर इंग्रजी पाटी लावली आणि चाळीचे ट्रे बंद केले. "आपलं कस्टमर वेगळं आहे आता, आई," म्हणाला.

२. वकीलसाहेब म्हणाले, शब्दांचे अर्थ स्पष्ट हवेत. तर या कागदात मफिन म्हणजे कागदी वाटीतला छोटा केक, डोकं उघडं असलेला, आणि कपकेक म्हणजे तसाच, पण वर क्रीमचा तुरा असलेला. बिस्किट कुरकुरीत, कुकी मधे मऊ. पेस्ट्री म्हणजे क्रीमच्या केकचा कापलेला तुकडा. हे मला काउंटरवरच्या वैशालीने घरी येऊन शिकवलं, पण उशिरा.

३. कारण त्याआधीच मी एका बाईंना वाढदिवसासाठी कपकेकऐवजी मफिन बांधून दिले होते. बाई तावातावाने परत आल्या. "ही कोण आहे?" म्हणून ओरडल्या. निलेश माझ्यादेखत म्हणाला, "सॉरी मॅडम, जुन्या कामवाल्या मावशी आहेत. त्यांना नाय कळत." माझ्या हातात फडकं होतं, त्यामुळे बाईंना ते पटलंही. त्या दिवसापासून मी गाळ्याची पायरी चढले नाही. हा रात्री घरी येऊन माझ्या हातचं जेवला आणि त्यावर एक शब्द बोलला नाही. ते मनाला फार लागलं. अजून लागतं.

४. सबब, गाळा, भट्टी आणि राहती खोली मुलगी दर्शना हिला. अट एकच, दिवाळीत चाळीचे ट्रे घ्यायचे.

५. माझ्या कुड्या वैशालीला. मला शिकवताना ती एकदाही मला हसली नाही.

६. काचेचं कपाट निलेशला, आतल्या नावांच्या चिठ्ठ्यांसकट. नानकटाईपुढे लावलेली 'इंडियन कुकी' ही चिठ्ठी तेवढी माझ्यासोबत जाळावी.

७. पीठ मळायची पितळी परातही निलेशलाच. माझं वर्ष सरल्यावर जी दिवाळी येईल, तेव्हा त्याने त्या परातीत स्वतः पीठ मळावं, ट्रे घेऊन चाळीच्या रांगेत उभं राहावं आणि नंबर आला की सगळ्यांसमोर सांगावं, "मी मालन परबांचा मुलगा." त्याशिवाय दर्शनाने ट्रे आत घेऊ नये. ऐकू आलं नाही, तर पुन्हा विचारावं.

वरील मजकूर मी वाचून, समजून, खालील दोघांसमोर सही केली आहे.

सही: मालन जयवंत परब

साक्षीदार:
धोंडू गंगाराम राणे, शेजारी
लक्ष्मी भिवा तांबे, शेजारीण

काळाचौकी, मुंबई
१४ सप्टेंबर २०२५