दोन ढगांमधलं दार

होस्टेल, ६ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी ‘विमान’ म्हटलं की तुम्हाला ‘सामान’ ऐकू येतं. बोटीच्या मशीनजवळ बसून कान घालवलेत, म्हणून हे पत्र.

काल मी एकटी विमान घेऊन गेले होते, ट्रेनिंगचाच भाग. परतताना पुढे गडगडाटी ढग उभे राहिले. अशा ढगाला वीस मैलांचा वळसा घालायचा, हा आमचा नियम. पण दोन ढगांच्या मध्ये उजेडाची फट दिसली. तुम्ही माझ्या लहानपणी सांगायचात, वादळात ढगांमध्ये असं दार उघडलं की घाबरायचं नाही, बोट सरळ आत घालायची. मी विमान घातलं. अर्ध्यावर दार मिटलं. गारा लागल्या, विमान हजारेक फूट खाली आलं. कशीबशी उतरले.

पंखांना पोचे आलेत. वीस तारखेला रिपोर्ट द्यायचा आहे. ढग अचानक आला असं लिहिलं तर निभावेल. खरं लिहिलं तर कदाचित काढून टाकतील. काय करू? आईला सांगू नका.

रागावलात तरी माया असू द्या.
तुमची वेदिका

पूर्णगड, ११ ऑक्टोबर

चि. वेदिकास,
अनेक आशीर्वाद.

आईला म्हटलं, अभ्यासाचं पत्र आहे. तिला पटलेलं नाही.

दाराचं मीच शिकवलं, पण जी दारं उघडी राहिली तेवढीच तुला सांगितली. तुझे काशीरामकाका गेले त्या दिवशी आम्ही दोघे भाऊ दोन बोटींवर होतो, वादळात सापडलेले. फट दिसली तेव्हा मीच हात करून दादाला पुढे घातलं. तो शिरला. माझ्या तोंडावर दार मिटलं, म्हणून मी वळलो. बंदरात लोकांनी विचारलं तेव्हा बोलून गेलो, की दादाचं मशीन बंद पडलं. ते आदल्याच दिवशी भिकाजीने दुरुस्त केलं होतं. बारा वर्षं झाली. हौसावहिनी भिकाजीच्या सावलीलाही उभी राहत नाही, आणि त्याने पुन्हा पाना हातात धरलेला नाही. मी बघत राहिलो. लाज वाटते पोरी.

तू खरं लिही. मीही सांगणार आहे. आधी कोण, एवढंच ठरायचंय.

डोक्याला लागलं असेल तर लपवू नकोस.
तुझा बाबा, दत्ताराम

होस्टेल, २१ ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी मी. रिपोर्टात सगळं लिहिलं, दारासकट. सरांनी वाचून घडी घातली आणि माझं एकटीने उडणं बंद केलं. पुढचं वरिष्ठ ठरवतील. काल खूप रडले, आज जेवले.

काकांचं वाचून तुमचा राग आला, अजून आहे. तरी पत्र लिहीत जा.
वेदिका

पूर्णगड, २७ ऑक्टोबर

चि. वेदिकास,
अनेक आशीर्वाद.

वहिनीला सांगितलं. तिने मला बस म्हटलं नाही. भावोजी, हे आधी भिकाजीला सांगा, म्हणाली, आणि मग माझ्या अंगणात पाय ठेवू नका.

भिकाजीकडे गेलो. अंगावर धावून आला असता तर बरं वाटलं असतं. त्याने एवढंच विचारलं, की मशीन चालू होतं ना. होतं म्हटलं, दादा ढगाखालच्या पावसात दिसेनासा झाला तरी आवाज येत होता. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. बायकोने चहा आणून ठेवला, तो निवला, तरी भिकाजी तेच विचारत होता आणि मी सांगत होतो.

तुझा बाबा