प्लेटवरचा डाग

१९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. वहिनीची पाठ आता बरी असेल. इकडे सगळं ठीक. जिन्याचा कठडा एकदाचा दुरुस्त झाला, माझा खोकला गेला, आणि वेधशाळेत आम्ही आकाशाच्या फोटोंच्या काचेच्या प्लेटा तपासतो त्या खोलीत हीटर आला. एकोणीस वर्षं बोटं गारठल्यावर साहेबांना दया आली म्हणायची.

तू विचारलंस, गावभर लोक धूमकेतू बघायला गच्चीवर चढतायत, मग आप्पा का नाही? त्यांची तब्येत ठीक आहे. जेवण थोडं कमी झालंय. चष्म्यांचं दुकान मात्र बंद केलं. "ज्याला स्वतःला दिसत नाही त्यानं लोकांचे नंबर काढू नयेत," म्हणतात. दुर्बीण तुझ्या जुन्या खाटेखाली आहे. तिचा आरसा त्यांनी दोन वर्षं हातानं घासला होता, आठवतं ना? तू वैतागायचास, "आप्पा, संपेल आता ती काच!"

इथवर लिहून पत्र दोन दिवस तसंच पडलं होतं. ठीक काहीही नाही, दादा.

ऑगस्टमध्ये एका पहाटे आप्पा धापा टाकत गच्चीवरून खाली आले. मी चहा गाळत होते. "चिमणे, पूर्वेला एक पुसट ठिपका आहे, कापसासारखा. नकाशात नाही. तुमच्या प्लेटवर बघ." सत्तावीस वर्षं ज्याच्यासाठी पहाटे उठले, ते हेच. नंतर चार दिवस ढग.

ऑफिसात त्याच पहाटेची प्लेट होती. मी ती आकाशाच्या त्याच भागाच्या जुन्या प्लेटशेजारी लावली. आप्पांनी सांगितला तिथंच नवा ठिपका होता.

आमच्याकडे एका प्लेटवरचा ठिपका खरा धरत नाहीत. दुसरी प्लेट काढावी लागते, तिला साहेबांची सही लागते. आणि गेल्या वर्षी आप्पांनी 'नवा तारा' म्हणून कळवला, तो निघाला युरेनस! तेव्हापासून साहेब रोज विचारायचे, "काय, वडिलांनी आज काय शोधलं?" की खोलीभर फिदीफिदी. म्हटलं, कशाला हात दाखवून अवलक्षण? मी ठिपक्याभोवती शाईनं गोल काढला आणि शेजारी लिहिलं, 'डाग'. प्लेट धुताना पडतात तसा. मला तो खरंच डाग वाटला, असं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. डाग कसा दिसतो ते मला झोपेतही कळतं.

घरी येऊन म्हटलं, "आप्पा, तिथं काही नाही."

ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. "म्हणजे डोळेच गेले माझे." त्यानंतर ते गच्चीवर गेलेच नाहीत. अकरा दिवसांनी तोच ठिपका धूमकेतू म्हणून कुठल्याशा दंतवैद्यानं कळवला. आता त्याचंच नाव आहे त्याला.

परवा साहेबांना सगळं सांगितलं. म्हणाले, "आता काय उपयोग?" मग प्लेट टॉवेलात गुंडाळून घरी आणली. आप्पांच्या हातात दिली, भिंग दिलं, रडत रडत सगळं कबूल केलं. वाटलं, ओरडतील, हाकलून देतील. तेही चाललं असतं.

त्यांनी भिंगातून नीट बघितलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "इथं डाग लिहिलंय की. अक्षर तुझंच आहे ना? एकोणीस वर्षं प्लेटा बघतेस, तुला कळणार नाही? माझं मन राखायला खोटं बोलू नकोस, चिमणे."

पुन्हा पुन्हा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. तू येऊन समजाव असं लिहिणार होते. पण नको. तुला म्हणतील, बहिणीनं शिकवून पाठवलंय.

आप्पा नेहमी म्हणायचे, धूमकेतू चुकला तर पुढच्या फेरीला भेटतो. हा फेरी मारणारा नाही, गणित करून बघितलंय लोकांनी. महिन्याभरात दिसेनासा होईल. मी काय करू, दादा?

आप्पांना अजूनही जिचाच शब्द खरा वाटतो,
ती तुझी चिमणी