शेपटीचा कौल

प्रिय मास्तरीणबाई,

आज सकाळी न्हाणीघरात लोखंडी बादली माझ्या हातून निसटली, फरशीवर आदळली आणि लोळ्याचा कानसुद्धा हलला नाही, तिथेच माझं सगळं फिरलं. आवाज एवढा झाला की आई धावत आली, वरच्या काकू खिडकीतून ओरडल्या, "काय रे, भिंत पाडतोयस की काय?" आणि तुझे हे चार पायांचे साहेब अंगभर फेस घेऊन शांतपणे नळाकडे बघत उभे!

पूर्वी बादली नुसती सरकवली तरी हा कॉटखाली पसार व्हायचा. तू पालथी पडून त्याचे पुढचे पाय ओढायचीस, मी मागून ढकलायचो आणि शेवटी आपण दोघं चिंब, तो कोरडाच. अलीकडे तो पळेनासा झाला होता. मला वाटलं, ही माझी शिस्त. पंखे दुरुस्त करताना मी मामाच्या दुकानात त्याची फुशारकीही मारली. मामा म्हणाला, "कॉलेज अर्धवट सोडलंस, निदान कुत्र्याची अंघोळ तरी पुरी कर." गिऱ्हाइकं हसली. मी पाना आपटून घरी आलो. दारातून हाक मारली, लोळ्या आला नाही, म्हणून त्याच्यावरही खेकसलो. तू असतीस तर मास्तरणीसारखी म्हणाली असतीस, "भडक्या, आधी समोरच्याला काय होतंय ते बघ."

आज बघितलं. त्याच्या पाठीमागे टाळ्या वाजवल्या, शिट्टी मारली. आईने पातेल्यावर डाव बडवला. काही नाही. समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा मात्र अंग झाडून मला भिजवलं आणि शेपटी हलवली. मी तिथेच ओल्या फरशीवर बसलो. आई म्हणाली, "अरे, गारठेल तो. रडायचं ते नंतर रड, आधी पाणी घाल." घातलं. तू शिकवलंस तसे त्याचे कान तळहाताने झाकून घातलं. इतका राग येत होता, आणि काढायचा कुणावर तेच कळेना.

दुकानाला दांडी मारून त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, म्हातारपणी जातं असं हळूहळू, दुखतखुपत काही नाही, पण ऐकू येणं बंद होऊन बरेच महिने झाले असावेत.

बरेच महिने. येताना वाटभर तेवढंच डोक्यात घुमत होतं. म्हणजे तुझे शनिवारचे सगळे फोन. तू नोकरीला गेलीस, तुझ्या वहिनीला कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात म्हणून लोळ्या माझ्याकडे आला आणि जाताना, माझ्या आवाज चढवण्याला कंटाळून, तू अट घातलीस. "तुझ्याशी मला एक शब्द बोलायचा नाही, मी लोळ्याशी बोलणार. तू फोन त्याच्या कानाशी धरायचा, तोंड बंद ठेवायचं आणि विचारलं तर शेपटी हलली की नाही एवढंच सांगायचं." माझ्यासारख्या माणसाने ती अट पाळली, बघ. तू त्याला सांगायचीस, खोलीतली मुलगी कशी घोरते, डबा एकटीने खाताना घास कसा फिरतो. मी श्वास रोखून ऐकायचो. "हलली?" "हलली." तू हसायचीस. माझा आठवडा त्या हसण्यावर निघायचा.

आता गेल्या शनिवारचं. ऑफिसातल्या एका मुलाने लग्नाचं विचारलंय, असं तू लोळ्याला सांगितलंस. माणूस शांत आहे, आवाज चढवत नाही, हेही सांगितलंस. ते मला लागलं, पण अट म्हणजे अट. मग अर्धवट हसत तू विचारलंस, "लोळ्या, हो म्हणू का रे त्याला?" आणि मला, "हलली?" मी म्हणालो, नाही. खोटं बोललो नाही गं, खरंच हलली नव्हती. मग म्हणालीस, "बरं. मग त्याला नाही म्हणूनच कळवते." फोन ठेवला आणि मी घरभर नाचलो. आईला उचलून गोल फिरवलं.

आज डॉक्टरकडून येताना कळलं. त्याला तुझं अक्षरही ऐकू जात नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. तुझा आवाज आला की माझा चेहरा फुलायचा, म्हणून त्याची शेपटी हलायची. त्या दिवशी माझं तोंड उतरलं, म्हणून ती थांबली. तो कौल माझा होता, आणि मला तर तू विचारलंच नव्हतंस. गप्प बसावं, असं दिवसभर वाटत राहिलं. कुणाला कळणार होतं? पण तुझ्या आयुष्याचं 'नाही' माझ्या थोबाडावरून ठरावं, हे मला झेपत नाही. म्हणून हे पत्र. त्याला अजून कळवलं नसशील तर थांब. तुझं तूच ठरव. आणि कधी खरंच माझं मत हवं असेल, तर मला विचार, माझ्या नावाने हाक मारून विचार. मी आवाज चढवणार नाही, असं वचन देत नाही, प्रयत्न करीन. तुझा दादा आज तुझ्याकडे निघालाय, त्याच्याच हातात हे देतो. आज शनिवार, तुझा फोन वाजायला लागलाय. आईला उचलायला सांगितलंय, कारण मी उचलला तर पुन्हा गुपचूप ऐकत बसेन. लोळ्याला पट्टा बांधलाय. निघतो, दार ओढून घेतो.

तुझाच, विचारलंस तरी आणि नाही विचारलंस तरी,
भडक्या