दिवस मावळायच्या आत

४ नोव्हेंबर, बेळगावच्या दुकानात
काल परत लेट. बेळगाव ते निपाणी पंचाहत्तर किलोमीटर, त्यात संकेश्वरजवळ उसाच्या ट्रॉल्या. घरी पोचलो सहा वीसला. दिवस मावळलेला. त्रिशला ताटं झाकून बसलेली. दिवस मावळल्यावर आम्हा जैनांत तोंडात काही घालत न्हाईत, आणि माझ्याशिवाय ही आधीही जेवत न्हाय. एकतीस वर्षांची सवय. पोरंबाळं न्हाईत, घरात आम्ही दोघंच. म्हटलं, अगं जेवून घ्यायचं. म्हणाली, एकटीला घास उतरत न्हाय. मीही उपाशीच झोपलो. (दुकानात मंडळींनी आणलेला गोड कुंदा आणि दोन डोसे सोडून.)

५ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, त्रिशलाचं हार्ट पंपिंग तीस टक्क्यांवर आलंय. संध्याकाळची गोळी जेवणावरच घ्यायची, रिकाम्या पोटी चालायची न्हाय. तीस वर्षं शेतीचे पंप विकतोय, मला पंपाचं कुणी शिकवायला नको. पण तिथल्या बाकावर बसलो तो उठवेना. शेवटी हीच म्हणाली, चला, ऊन डोक्यावर आलं.
संकल्प : आजपासून रोज दिवस मावळायच्या आत घरी. काहीही होवो.

१२ नोव्हेंबर
संकल्पाला आठवडा झाला. वेळेत पोचलो : एक दिवस. (रविवार. दुकान बंद होतं.)
कारण सापडलं. गाडी! जुनी गाडी ओव्हरटेक करताना धापा टाकते. माणूस काय करणार?

२० नोव्हेंबर
शोरूमला जाऊन आलो. जर्मन गाडी. शून्य ते शंभर साडेचार सेकंदांत. तेवढ्या पैशात अरिहंतच्या गाडीसारख्या दहा गाड्या येतील. अरिहंत माझा पुतण्या. बेळगावात कॉलेजला फिजिक्स शिकवतो, निपाणीहून रोज आपल्या डबड्यातून ये-जा करतो. तो म्हणाला, काका, मी सव्वाचारला निघतो, पावणेसहाच्या आत घरात असतो, माझ्याबरोबर चला की. त्याला इंजिनातलं काय कळतंय. सगळं पुस्तकी.
त्रिशलाला सांगितलं, तुझ्यासाठीच घेतोय.
म्हणाली, "माझ्यासाठी करायचं तर सव्वाचारला शटर ओढा."
धंद्यातलं बायकांना कळत न्हाय. सव्वाचारला मालक उठला तर गिऱ्हाइकानं काय समजायचं? महादेव वीस वर्षं दुकानात आहे, म्हणतो मी बंद करतो की, तुम्ही जावा. नोकराच्या भरवशावर धंदा होत न्हाय.

२१ डिसेंबर, रविवार
गाडी आली. पहिल्यांदा स्तवनिधीला देवदर्शनाला नेली. त्रिशला शेजारी बसली. सीटवर हात फिरवून म्हणाली, लई मऊ हाय. तवंदी घाट उतरेपर्यंत झोपलीसुद्धा. पाचला घरी. घरापुढच्या सोप्यात ऊन होतं, तिथंच दोघं पोटभर जेवलो. तिनं गोळी घेतली. असल्या गाडीला लोक महाग का म्हणतात?

३० डिसेंबर
हिशेब सोपा आहे. ही गाडी वीस मिनिटं वाचवते. म्हणजे चार पस्तीसला निघालं तरी चालतंय. चार पस्तीस म्हणजे पाचच धरा.
काल पाच दहाला निघालो. काकती गावापर्यंत गाडी म्हणजे विमान. पुढं संकेश्वरला उसाच्या दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर गाणी, ताशी वीस. सहा सिलिंडरची ही गाडी त्यांच्यामागं. शिवाय गाडीचं पोट रस्त्याला लागून असल्यानं गतिरोधकावर ती तिरकी घ्यावी लागते. सहा पंचवीस.
दोष गाडीचा न्हाय, रस्त्याचा आहे.

१७ जानेवारी
त्रिशलाचे पाय सुजलेत. विचारलं, गोळ्या घेतीस न्हवं? म्हणाली, घेते की. कपाटातलं या महिन्याचं पाकीट काढून मोजलं. अकरा गोळ्या जास्त. जितके दिवस मी लेट, तितक्या.
रडू आलं. तिच्यापुढं नको म्हणून गाडीत जाऊन बसलो. दार लावलं की बाहेरचा आवाज अजिबात येत न्हाय. किंमत असते ती असल्या गोष्टींची.
संकल्प : सव्वाचार. दुकानातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलं.

२ फेब्रुवारी
दोन आठवड्यांत सहा वेळा वेळेत! सुधारणा आहे. कॅलेंडर महादेवनं बिलांच्या मागं टांगलंय, दिसत न्हाय. नाहीतर आणखी झाली असती.

९ फेब्रुवारी, सकाळी
निघताना त्रिशला दारापर्यंत आली. म्हणाली, "आज तेवढं लवकर या. गव्हाची गोड हुग्गी करते." तिनं असं कधी सांगितलं न्हवतं. येतो म्हणालो.

दुपारी ४.१०
किल्ली हातात. आज दिवस साडेसहाला मावळतो. चिक्कार वेळ.

४.२०
रवळू पाटील आलेत, मोठं गिऱ्हाईक. पंप राहिला बाजूला, गाडी बघायला आलेत. एक राऊंड मारून आणतो. दहा मिनिटं.

५.२५
काकतीच्या पुढं मोकळा पट्टा मिळाला, दाबली. ४.३ सेकंद! कंपनी साडेचार म्हणते. पाटलांना घाम फुटला. म्हणाले, पैसा वसूल. मी सांगतच होतो. त्यांना दुकानापाशी सोडलं, आता सरळ घरी. तासाभरात पोचलोच.

२७ फेब्रुवारी
लिहिलं न्हाय. लिहवत न्हवतं.
त्या दिवशी पोचलो सहा अडतीसला. दारात चपला लई होत्या.
अरिहंत पावणेसहाला आलेला. काकीला बघून जावं म्हणून वाकडी वाट करून आत गेला. ती सोप्यात ताटं मांडून बसलेली. त्याला म्हणाली, तू बस, जेवूया, काका येऊ देत. थोड्या वेळानं छातीला हात लावून भिंतीला टेकली. त्यानं डॉक्टरांना फोन केला. ते यायच्या आत संपलं होतं.
शेवटचं काय बोलली ते अरिहंतनं मला बाराव्या दिवशी सांगितलं.
"काका मागंच हायत न्हवं?"
"मागंच हायत, काकी."
पोरगं कधी खोटं बोलत न्हाय. माझ्यासाठी बोललं.

५ मार्च
दुकान उघडलं. जर्मन गाडी गोठ्यापुढं कव्हर घालून उभी आहे. किल्ली हातात घेववत न्हाय.
अरिहंतच्या डबड्यातून गेलो, डबड्यातूनच आलो. सव्वाचारला तो दुकानापुढं उभा राहिला. महादेवला म्हटलं, तू बंद कर. तो व्हय म्हणाला, एवढंच. दुकान कुठं गेलं न्हाय. गिऱ्हाईक आलं असेल तर त्यानं बघितलं असेल.
संकेश्वरला दोनदा ट्रॉल्यांमागं अडकलो. अरिहंतनं एकदाही हॉर्न वाजवला न्हाय. तवंदी घाटात त्याची गाडी धापा टाकत होती. तरी पाच चाळीसला घरी.
उतरताना म्हटलं, आज रस्ता मोकळा होता बघ.
सोप्यात ऊन होतं. दिवस मावळायला तास शिल्लक होता. त्या तासाचं काय करायचं, ते मला कळेना.