ताईची सही

३ मार्च

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वाचनालयाच्या पायऱ्यांवरून पडून तू खुब्याची वाटी मोडून घेतलीस, हे तुझ्या लेकाकडून कळलं. या वयात पुस्तकापायी पडावं तर तूच! आपल्या दोघांच्या कानांमुळे फोनवर नुसती ओरडाओरड होते, म्हणून लिहितो.

ऑपरेशनला घाबरू नकोस. लेक सांगत होता, त्यातली धातूची क्लिप बर्फाच्या पाण्यात मऊ पडते. तेव्हा तिचे आकडे उघडून मोडलेल्या हाडावर बसवतात. अंगाची ऊब लागली की तिला आपला जुना आकार आठवतो आणि ती हाड आवळून धरते. ताई, धातूला आठवण! शाळेच्या ओट्यावर आपण चालीवर कविता म्हणायचो, तेव्हा दुसरं कडवं तू हमखास विसरायचीस. तुझ्यापेक्षा ही क्लिप बरी.

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर लवकर सही कर. तू चालू लागलीस की मी नक्की येतो. माया आहे तशीच राहू दे.

धाकटा

८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं काव्य पोचलं. डॉक्टरांनी तसली एक क्लिप माझ्या बोटावर ठेवून दाखवली. गार होती, बघता बघता तिने बोट धरलं.

मला ऑपरेशनची भीती नाही रे. भुलीतून उठले नाही, तर तुला न बघता जाईन, याची आहे. अकरा वर्षं तू ‘नक्की येतो’ लिहितोयस. म्हणून सांगून टाकलं, भाऊ आल्याशिवाय सही नाही. डॉक्टर म्हणतात, पंधरा तारखेपर्यंतच थांबता येईल. नंतर हाडं वाकडी जुळतील आणि मी अंथरुणाला खिळेन. लेक मला हट्टी म्हणतो. असेन.

आता पत्र नको.

ताई

१३ मार्च

ताई,

तुझं पत्र आज हातात पडलं. अकरा वर्षांपूर्वी भावजी गेले तेव्हा मी तापामुळे येता येत नाही असं कळवलं होतं. ताप नव्हता. त्या घरात तुला एकटीला बघायची हिंमत नव्हती. पुढे लाज वाटू लागली, आणि वर्षं सरली तशी ती वाढतच गेली.

उद्या सकाळच्या गाडीने निघतोय. हे पत्र टपालात टाकत नाही, खिशातूनच आणतोय. समोर आल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, हे तुला ठाऊक आहे. तू चष्मा शोधून हे वाचशील, तोवर मी कॉटशेजारी उभा असेन.

आधी सही कर. रागवायचं ते मग, सावकाश, रोज थोडं थोडं. परतीचं तिकीट मी काढलेलं नाही.

तुझा धाकटा