मोजायचा राहिलेला हात

बाबा, अठ्ठावन्न साली, अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या रविवारी, संध्याकाळी सहा वाजता, लालबागला आपल्या गावकऱ्यांच्या खोलीत तुम्ही हात मोजलेत आणि एक हात मुद्दाम सोडलात. वेळ मला नक्की आठवते, कारण सभा सुरू करण्याआधी तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाला चावी दिलीत आणि म्हणालात, "आपलं मंडळ घड्याळावर चालतं." त्या घड्याळाचं पुढे काय झालं माहीत नाही. मंडळ मात्र अजून चालतं आहे, आणि परवा त्याचे चिटणीस शाल-श्रीफळ घेऊन माझ्या दादरच्या घरी आले, म्हणून हे लिहायला बसले. एरवी मी तुम्हाला पत्र लिहिण्याची शक्यता नव्हती.

तुम्ही विसरला असाल तर आदल्या दिवसापासून सांगते. आई गावाहून बोटीने आली होती. दरवर्षी ती दिवाळीनंतर मुंबईला यायची आणि पेरणीआधी परत जायची. त्या वर्षी शिमग्याला गेलेली बाई दीड महिन्यात पुन्हा भाऊच्या धक्क्यावर उतरली, तेव्हाच तुम्हाला कळायला हवं होतं की ती हवा खायला आलेली नाही. तिने हातपाय धुतले, परळच्या आपल्या खोलीत स्वयंपाकाच्या ओट्याशी गेली आणि आत्याला विचारलं, "पोहे खंय असत?" आत्याने मोठ्या कौतुकाने फळीवरचा नवा डबा काढला. घट्ट झाकणाचा, पिवळा, मुंगीसुद्धा शिरणार नाही असा. तुम्ही बॅलार्ड पियरच्या ज्या कंपनीत गोदामाचे कारकून होतात, तिची कीडमार पावडर त्यात आलेली. तुम्हीच रिकामा डबा राखेने घासून, उन्हात वाळवून आत्याला भेट दिला होतात. चाळीत तसे आणखी चार-पाच डबे तुम्ही वाटले होते आणि बायका तुम्हाला दुवा देत होत्या.

आईला वाचता येत नव्हतं. तिने डबा फिरवला आणि कवटीच्या चित्रावर बोट ठेवलं. "ह्या मड्याच्या डोक्याचा चित्र कित्याक?" मी कॉन्व्हेंटात शिकणारी, घरात इंग्रजीची मक्तेदार. मी वाचून दाखवलं आणि मराठीत सांगितलं, "विष आहे म्हणून." आईने पोहे तसेच मोरीत ओतले. तुम्ही बाहेरून आलात तेव्हा ती मोरीत पाणी सोडत होती. "अगो, ते किड्यांचं विष, माणसाला काही होत नाही," तुम्ही हसून म्हणालात. "आमच्या साहेबाने तळहातावर घेऊन दाखवली सगळ्यांना." आई म्हणाली, "साहेबान खाऊन दाखवल्यान काय?" आत्या पदराआड हसली. तुम्हाला ते हसणं सहन झालं नाही, हे मला तेव्हाही दिसलं होतं.

आता ती का आली होती ते. मंडळाने ठरवायचं होतं की यंदा गावातल्या सगळ्या भातशेतीवर पावडर मारायची. डबे तुमच्या कंपनीचे, शेवटच्या बोटीने पाठवायचे, पाऊस लागून बोटी बंद व्हायच्या आत. ठरवणारे सगळे पुरुष, आणि सगळे इथे, गिरण्यांत नाहीतर कचेऱ्यांत. शेती करणाऱ्या सगळ्या बायका, आणि सगळ्या तिथे. तुमच्यापैकी कित्येकांनी वर्षानुवर्षं चिखलात पाय घातला नव्हता. गणपतीला यायचात तेव्हा भात पोटरीला आलेलं असायचं आणि तुम्ही बांधावर चपला घालून उभे राहून "यंदा बरं आहे हां" म्हणायचात. पण गावचा कुठलाही निर्णय लालबागच्या खोलीत व्हायचा, ही आपली रीत. देवळाचं छप्पर असो, पालखीचा मान असो, की भातावरची कीड.

बायकांची स्वतःची एक रीत होती. आपली शेतं उतारावर, एकाखाली एक कुणगे, पायऱ्यांसारखे. पाणी वरच्या कुणग्यातून खालच्यात, खालच्यातून आणखी खाली, शेवटी व्हाळात. त्यामुळे वरच्या बाईने जे केलं ते सगळ्यांच्या वाट्याला येतं. म्हणून त्या सगळ्या मिळून एकाच आठवड्यात पेरत. करंजाचा पाला चिखलात तुडवत. पक्ष्यांना बसायला शेतात काठ्या रोवत. पानांच्या सुरळ्या करणारी अळी पडली की वरपासून सुरुवात: दोघीजणी दोन बांधांवर, हातात दोराची दोन टोकं, आणि दोर भातावरून ओढत न्यायचा. सुरळ्या पाण्यात गळून पडायच्या, मग बांधाचं तोंड फोडून पाणी खाली सोडायचं आणि वाटेवर टोपली धरायची. टोपलीतली अळी कोंबड्यांना. मे महिन्याच्या सुट्टीत मी गावाला जायची, पण हा दोर पावसातला. मला तो पहिल्यांदा दिसला एका वर्षी कांजिण्यांमुळे गावीच अडकून शाळा बुडाली तेव्हा. दोर ओढताना आई गाणं म्हणत नव्हती की काही नाही. वरच्या बांधावरच्या काकीवर ओरडत होती, "ताणून धर गो, दोरी वाळत घालूक नाय इलंय!" त्या कामात कुणी मागे राहून चालत नसे. एकीने अंग काढलं की खालच्या सगळ्यांचं भात गेलं.

आणि त्या उतारावरचा सगळ्यात वरचा कुणगा आपला होता. म्हणून बायकांनी बोलायला आईला पाठवलं. तिच्या भाड्याचे पैसे सगळ्यांनी मिळून घातले होते.

रविवारी सभेला निघण्याआधी तिने मला बाजूला घेतलं. "सभेत बोलाचा असला तर काय करतत?" मी शाळेत शिकलेलं सांगितलं: आमच्या सिस्टर म्हणतात, बोलायचं असेल तर हात वर करायचा आणि नाव पुकारेपर्यंत थांबायचं. आईने मान डोलावली. तिला ती रीत आवडली.

खोलीत तुम्ही तिला येऊ दिलं नाहीत. "बायका गॅलरीत थांबतील. मंडळाचा नियम आहे." बायका म्हणजे ती आणि मी. आम्ही उंबरठ्याबाहेर उभ्या राहिलो. तुम्ही पावडरीवर बोललात. छान बोललात, तुम्हाला बोलता यायचं. त्याआधी, तुमच्या सवयीप्रमाणे, महाराष्ट्रावर बोललात. त्या दिवसांत तुमचं प्रत्येक भाषण तिथूनच सुरू व्हायचं. दिल्लीत बसून मुंबईचं भवितव्य ठरवणारे हे कोण? ज्यांनी इथे घाम गाळला त्यांना विचारणार आहात की नाही? लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तुमच्या कोपरावर मोर्च्यात बसलेल्या लाठीची खूण होती, आणि लाठी बसली त्या सबंध आठवड्यात आईने रोज रात्री त्यावर हळदीचा लेप लावला होता, हे मला आत्याने सांगितलं होतं. मला तुमचा अभिमान होता, बाबा. मुलीला नन्सकडे इंग्रजीत प्रार्थना म्हणायला पाठवून स्वतः मराठी राज्यासाठी मार खाणारा बाप, याची गंमत मला फार नंतर वाटायला लागली.

मग आईने हात वर केला. तुम्ही पाहिलं नाही असं दाखवलंत. हात वरच. शेवटी दाराशी बसलेले एक काका म्हणाले, "अरे, वैनी काय म्हणतत बघा तरी." तेव्हा ती उंबरठ्याबाहेरूनच बोलली. लांबलचक काही नाही. "वरच्या कुणग्यात पावडर पडली तर पाणी सगळ्यांच्यातच येतला. पाण्याक बांध कळत नाय. कुर्ल्यो मरतले, बेडूक मरतले, कोळी मरतले. मग तुडतुडे खाणार कोण, तुमी?" खोलीत हशा पिकला. तो तिच्या बाजूचा हशा होता, आणि तोच तुम्हाला झोंबला. तुम्ही म्हणालात, "अगो, राबायचं काम तुमचं, विचार करायचं काम आमचं. ते आम्हाला करू दे." मग पुन्हा हशा, आणि हा तुमच्या बाजूचा. आई तेवढ्याच आवाजात म्हणाली, "कुर्ल्यांका मत नाय, तसा आमकाय नाय. बरा."

तुम्ही मतं घेतलीत. बाजूने कोण, बरेच हात. विरुद्ध कोण, काकांचा एक, अर्धवट. आणि गॅलरीत आईचा, कोपरापासून ताठ, हिरव्या बांगड्या खाली सरकलेल्या. तुमची नजर मोजत मोजत उंबरठ्यापर्यंत आली, तिच्या हातावर थांबली आणि परत फिरली. ती थांबली नसती तर मी आज हे लिहिलं नसतं. दिसलं नाही असं समजून गप्प बसले असते.

पुढचं तुम्हाला ऐकायचं नव्हतं, म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं नाही. मी सांगते. आपल्या कुणग्यात, डब्यांबरोबर बोटीने गेलेल्या तुमच्या भावाने पावडर मारली. आठवड्याभरात व्हाळात मासे उलटे झाले, बांधाबांधावर खेकडे, आईच्या त्या कुर्ल्या, पाय वर करून पडले. त्या वर्षी भात चांगलं आलं. तुम्ही कंपनीत पेढे वाटलेत. नंतर तुडतुडे आले ते जाईनात, कारण त्यांना खाणारं कुणी उरलं नव्हतं. मग आणखी डबे. मग ज्यांना नको होते त्यांनाही डबे, कारण वरून येणारं पाणी तेच. दोर कुणाच्या तरी माळ्यावर गेला. आईने आपल्या कुणग्यात पुन्हा पाय ठेवला नाही. दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जायची, आपल्याच शेतावरून वळसा घालून. मुंबईलाही आली नाही. तुम्ही लोकांना सांगायचात, तिला इथली हवा मानवत नाही.

साठ सालच्या मे महिन्यात मी गावीच होते. तुमचं कार्ड आलं. राज्य झालं, लालबाग-परळभर रोषणाई आहे, लोक रस्त्यावर नाचत आहेत. मी ओसरीवर उभी राहून मोठ्याने वाचलं. आई करंजाचा पाला बांधत होती, दुसऱ्या कुणाच्या तरी शेतासाठी. तिने विचारलं, "राज्य इला म्हणतत. कोणाचा इला, ता लिवल्यानी काय?" मी कार्ड उलटून पाहिलं. ते लिहिलेलं नव्हतं.

आता चिटणीसांचं. चांगला मुलगा आहे, म्हणजे पन्नाशीचा आहे, पण मला मावशी म्हणतो. गेली काही वर्षं माझ्या वहिनीने, म्हणजे तुमच्या त्याच भावाच्या सुनेने, गावातल्या बायका पुन्हा एकत्र केल्या आहेत. वरपासून खालपर्यंत कुणीही औषध मारायचं नाही. पहिल्या दोन हंगामांत किडीने निम्मं खाल्लं. ज्यांचं वाचलं त्यांनी ज्यांचं गेलं त्यांना आपल्या राशीतून भात घातलं, म्हणून टिकल्या. आता कुर्ल्या परत आल्या आहेत. दोर नायलॉनचा आहे, एवढाच बदल. आपला वरचा कुणगा माझ्या नावावर पडून होता, तो मी त्यांना कसायला दिला. त्याच्या कोपऱ्यात त्यांनी बियाणं ठेवायला कोठी बांधली आहे. छपराचे पत्रे मंडळाने दिले. आणि पत्रे दिले म्हणून मंडळाने लालबागच्या खोलीत ठराव केला की कोठीला तुमचं नाव द्यायचं. "गावातील सुधारित शेतीचे जनक."

मी विचारलं, "शेती कोण करतं रे तिथे?"

"बायकाच, मावशी. पुरुष कोण उरलाय?"

"मग त्यांनी काय नाव सुचवलं?"

तो शाल घडी करत बसला. "त्यांना असं विचारलं नाही. म्हणजे सभा इथे असते ना."

"गॅलरी तरी आहे का अजून?" मी विचारलं. त्याला कळलं नाही. त्याला चहा दिला, नारळ परत दिला.

वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "वन्सं, नाव कोणाचाय घाला, नायतर घालू नको. छप्पर गळता कामा नये. पण त्यांचा नाव नको. सासूबाई सांगायच्यो काय झाला ता." एवढंच. तिच्या मागे बायका हसत होत्या आणि कुणीतरी ओरडत होतं की दोर सापडत नाही.

तेव्हा, बाबा, मुद्द्यावर येते. मी आयुष्यभर सरकारी कचेरीत टिपणं लिहिली. तुमच्यापेक्षा जास्त ठराव पाहिले आणि दुरुस्तही केले. तुम्ही एक दुरुस्ती लेखी कळवायची आहे: की त्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता विरुद्ध बाजूला एक हात मोजायचा राहिला; तो तुम्हाला दिसला होता; आणि तो बरोबर होता. मुदत दसऱ्यापर्यंत. त्या दिवशी बायका कोठीच्या दाराला नव्या भाताच्या लोंब्या बांधणार आहेत. तोपर्यंत उत्तर न आल्यास आपली हरकत नाही असं समजून दारावरची जागा कोरी ठेवण्यात येईल.

खरं सांगायचं तर मंडळाला मी नकार कळवून चुकले आहे, आणि हे पत्र कुठल्या पेटीत टाकावं तेही मला माहीत नाही. तुमच्या उत्तराने आता काहीही बदलणार नाही. तरी ते तोंडी नको, कुणाकरवी नको, स्वप्नात तर मुळीच नको. लेखीच हवं. तुमचं अक्षर सुंदर होतं, आणि ते साठ सालचं कार्ड आईने चुलीत घातल्यापासून माझ्याजवळ त्याची एक ओळही नाही. दसऱ्याच्या आत पाठवा.