बोटीत पेट्रोल भरताना

अहो,

पहाटेच्या एसटीनं मी कन्नडला आईकडं चालले. भाकरी टोपल्यात झाकून ठेवल्यात.

सातला तुमच्या मॅडम तळ्यावरचे पक्षी मोजायला येतील, म्हणून पेट्रोल कसं भरायचं ते लिहून ठेवते. तीन वर्षं मीच भरते, तुम्हाला ठावं नसंल. टाकी बोटीतून काढून काठावर सपाट जागी ठेवा. नरसाळ्यात मलमलचं फडकं घालून कॅनमधून बारीक धार सोडा. टाकी गळ्यापर्यंत भरू नका, चार बोटं रिकामी ठेवा, नाहीतर उन्हानं पेट्रोल फुगून बाहेर येतं. आणि भरताना रस्त्याकडं बघत बसू नका. त्यांची गाडी गारखेड्याहून यायची तेव्हा येईल.

परवा त्या म्हणाल्या, "बन्सी, बाकीच्या बोटीत वासानं डोकं दुखतं, तुमच्या बोटीत एक थेंब सांडलेला नसतो." लग्नाला अकरा वर्षं झाली, मी अजून तुमचं नाव घेत नाय. त्या सरळ हाक मारतात. तुम्ही नुसतं लाजल्यासारखं हसलात. मी तिथंच फडकं पिळत उभी होते. घरी येऊन मी ताट वाढलं, तर मला म्हणालात, तुझ्या हाताला पेट्रोलचा लई वास येतो.

आज लिंबू चोळून हात धुतले.

नरसाळं शोधत बसू नका. ते माझ्या पिशवीत हाय.

द्वारका